थंडीच्या मैदानावरचे कर्नल

भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांची पुण्यतिथी १४ नोव्हेंबरला असते. त्या दिवशी बालदिन असतो आणि विदर्भात थंडीची नुकती चाहूल लागलेली असते. नागपूरच्या या सुपुत्राच्या आयुष्याकडे आज पुन्हा पाहायचे ते विक्रमांसाठी नव्हे, तर उघड्या मैदानासाठी.

नागपूरहून उत्तरेला निघाले, कोराडी मागे टाकले की थोड्याच वेळात खापरखेडा लागते. नोव्हेंबरातल्या सकाळी या रस्त्यावर धुके कोणते आणि धूर कोणता, हे चटकन सांगता येत नाही. एका बाजूला १,३४० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी, दुसरीकडे वलनी, सिल्लेवाडा परिसरातल्या कोळसा खाणी आणि त्यांच्या कामगारांच्या वसाहती. सावनेर तालुक्याचा हा भाग. याच सुमारास आसपासच्या बागांतला संत्रा बाजारात येऊ लागतो, तुरीच्या शेंगा भरू लागतात आणि ऊन प्रथमच हवेहवेसे वाटते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आणि पावसाळ्यात चिखल तुडवणाऱ्या या मुलखात अंगाला घाम फुटेस्तोवर खेळावे असे खरे महिने तीनच, फार तर चार. वसाहतीतली पोट्टी तेव्हा टेनिसचा चेंडू आणि मिळेल त्या फळकुटाची बॅट घेऊन बाहेर पडतात.

अशाच पोरांमधला एक, वलनीच्या खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा, विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस चेंडूनेच गोलंदाजी करत राहिला. मध्यंतरी त्याने सैन्य आणि पोलीस भरतीचाही प्रयत्न करून पाहिला. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी सामना खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध भारताची कसोटी टोपी त्याच्या डोक्यावर चढली. उमेश यादव हे त्याचे नाव. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू.

या ठिकाणी नागपूरकर वाचक हमखास थबकेल. पहिला? मग सी. के. नायडू कोण? शंका रास्त आहे. नायडूंचा जन्म नागपूरचा, शिक्षण नागपूरचे, खेळाची अक्षरओळखही नागपूरच्याच मातीतली. पण विदर्भ या नावाचा संघ त्यांच्या उमेदीच्या काळात अस्तित्वात नव्हता. पहिला कर्णधार या शहराने दिला आणि त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी एक वेगवान गोलंदाज शेजारच्या खाणवस्तीने दिला. एक सुखवस्तू वकिलांच्या घराण्यातला, दुसरा खाणकामगाराच्या घरातला. या दोघांना जोडणारी गोष्ट शोधू गेल्यास हाती लागते ती थंडीतले मोकळे पटांगण.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा. घराणे मूळचे तेलुगू, पण नागपुरात रुजलेले. आजोबा नारायणस्वामी नावाजलेले वकील आणि जमीनदार; वडील केंब्रिजमध्ये शिकून आलेले. अशा घरातल्या मुलाला पुस्तकांची आणि पाहुण्यांची वाण नव्हती, पण त्याचे लक्ष बाहेर होते. सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेत असताना, अगदी लहान वयातच, त्याला शाळेच्या संघात घेण्यात आले. पुढे हिस्लॉपमध्ये शिकतानाही मैदान सुटले नाही. क्रिकेटबरोबर हॉकी आणि फुटबॉलही तो खेळे. एकाच खेळाच्या वर्गाला मुलाला महागडी फी भरून घालण्याच्या आजच्या काळात ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. पायांतली चपळाई फुटबॉलने, मनगटांतली लवचीकता हॉकीने आणि नजर क्रिकेटने घडवली असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. पुढच्या आयुष्यात क्षेत्ररक्षणात त्यांची जी ख्याती झाली, तिचे मूळ या बहुढंगी खेळण्यातच शोधायला हवे.

१९१६ मध्ये नायडू मुंबईच्या तिरंगी-चौरंगी सामन्यांच्या परंपरेत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरले. सात गडी बाद झालेले, संघ अडचणीत, आणि नवव्या क्रमांकावर आलेला हा विशीचा नागपूरकर. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि पुढचा चेंडू षटकारासाठी भिरकावून दिला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला त्यांचा पहिलाच फटका हा असा. ज्या वयात फलंदाज आपली जागा पक्की करण्यासाठी अंग चोरून खेळतो, त्या वयात हा माणूस हात मोकळे सोडत होता. पुढे चाळीस वर्षे त्याने ते आखडले नाहीत.

त्या काळातल्या क्रिकेटची एक बाजू सोयीने विसरली जाते. हे सामने धर्माच्या नावांनी खेळले जात: हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन. हिंदूंच्याच संघात पळवणकर बाळूंसारखा थोर गोलंदाज जन्माने अस्पृश्य ठरला म्हणून कर्णधारपदापासून वंचित राहिला. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते पद १९२३ मध्ये मिळाले. मैदानाला कुंपण असते आणि कुंपणाला दार असते. दारात कोण उभा आहे यावर आत कोण खेळणार हे ठरते. नायडूंच्या आयुष्यातला सर्वांत गाजलेला डाव नेमका अशाच एका दारबंद जागेत खेळला गेला.

साल १९२६. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला होता. हिवाळ्याच्या सुरुवातीला बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंशी त्यांचा सामना झाला. हा जिमखाना तेव्हा फक्त गोऱ्यांचा. भारतीयाला तिथले सभासदत्व नव्हते. पाहुण्यांच्या गाय अर्ल यांनी आठ षटकारांसह १३० धावा तडकावल्या होत्या आणि यजमानांकडून त्याला उत्तर मिळेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. १ डिसेंबरला नायडू खेळायला आले. दोन तासांच्या आत १५३ धावा, त्यांत तेरा चौकार आणि अकरा षटकार. तोवर प्रथम श्रेणीच्या एका डावात इतके षटकार कोणी मारल्याची नोंद नव्हती. बातमी वाऱ्यासारखी शहरभर पसरली, कचेऱ्यांतली माणसे काम टाकून मैदानाकडे धावली आणि भोवतालची झाडे नि छपरे माणसांनी लगडली. आत प्रवेश नसलेल्यांनी बाहेरून पाहिलेला तो खेळ होता. ज्या इमारतीच्या पायऱ्या या प्रेक्षकांना चढता येत नव्हत्या, तिच्या दिशेने एक देशी माणूस चेंडू भिरकावत होता, आणि त्यातला आनंद केवळ क्रिकेटचा नव्हता, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. सामन्यानंतर एमसीसीने नायडूंना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय संघ कसोटीच्या तोडीचा आहे, ही खात्री पाहुण्यांना पटली. दोनच वर्षांत, डिसेंबर १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली.

तत्पूर्वीच, १९२३ मध्ये, इंदूरच्या होळकरांनी नायडूंना आपल्याकडे बोलावून घेतले होते. संस्थानच्या फौजेत त्यांना हुद्दा मिळाला आणि पुढे कर्नल ही उपाधी त्यांच्या नावाला अशी चिकटली की ती जणू जन्मनावाचाच भाग झाली. नागपूरने त्यांना घडवले आणि इंदूरने सांभाळले. या वाटणीबद्दल नागपूरकरांच्या मनात थोडी रुखरुख आजही आढळते. ती रुखरुख खरी आहे, पण तिच्यात दोष इंदूरचा नाही. खेळाडूला पोटापाण्याची शाश्वती देणारे कोणी त्या वेळी नागपुरात पुढे आले नाही.

१९३२ चा इंग्लंड दौरा सर्वपरिचित आहे, म्हणून तो थोडक्यात. कर्णधारपदी नेमलेले पोरबंदरचे महाराज यांनी आपल्या खेळाची मर्यादा ओळखून पाऊल मागे घेतले, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र जायबंदी झाले आणि २५ जून रोजी लॉर्ड्सवर नाणेफेकीसाठी नायडू उतरले. राजघराण्यात न जन्मलेल्या माणसाचे नेतृत्व काही सहकाऱ्यांना रुचले नव्हते. हाताला दुखापत झालेली असूनही पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. सामना १५८ धावांनी गेला, पण इंग्लंडची अवस्था आरंभी ३ बाद १९ झाली होती, हे लॉर्ड्सचे प्रेक्षक विसरले नाहीत. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणी सामन्यांत नायडूंनी १,६१८ धावा केल्या, ६५ बळी घेतले आणि ३२ षटकार मारले. बर्मिंगहॅमला त्यांचा एक फटका मैदानालगतची री नदी ओलांडून गेला आणि चेंडू एका परगण्यातून दुसऱ्यात पडला, अशी कथा सांगितली जाते. री ही नदी कसली, आपल्याकडे तिला ओढा म्हणतील; पण आख्यायिकेला पाण्याची खोली लागत नाही. विस्डेनने १९३३ च्या अंकात वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड केली.

पुढच्या वर्षी डग्लस जार्डिनच्या संघाविरुद्ध मायदेशातली पहिली कसोटी मालिका झाली तेव्हाही कर्णधार तेच होते. १९३६ मध्ये मात्र विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या हाताखाली त्यांना इंग्लंडला जावे लागले. तो दौरा मानापमानांचाच ठरला. ओव्हलवरच्या आपल्या शेवटच्या कसोटी डावात गबी ॲलन यांचा चेंडू त्यांच्या छातीखाली जोरात बसला; ते कळवळले, पण खेळपट्टी सोडली नाही आणि ८१ धावा करूनच परतले. सात कसोटी, ३५० धावा. आकड्यांच्या तराजूत हे माप किरकोळ भरते. कसोटीचा दरवाजा उघडला तेव्हा त्यांनी छत्तिसावे वर्ष ओलांडले होते, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

सामान्य चरित्रकार इथे पूर्णविराम देईल. माझ्या मते नायडूंचे खरे वेगळेपण इथून पुढे सुरू होते. चाळिशी उलटलेला, कसोटी संघाबाहेर गेलेला हा गृहस्थ आणखी वीस वर्षे दर थंडीत मैदानात उतरत राहिला. वयाच्या पन्नाशीत, १९४५-४६ च्या मोसमात, होळकर संघाला रणजी करंडक जिंकून देताना बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा काढल्या. प्रथम श्रेणीतली ही त्यांची सर्वोच्च खेळी. १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ मध्येही त्यांच्या नेतृत्वाखाली करंडक इंदूरला आला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर अशी माणसे त्या संघात होती. त्यांच्यावर कर्नलसाहेबांची शिस्त लष्करी होती. वेळ म्हणजे वेळ, सराव म्हणजे सराव. लागले, खुपले याची तक्रार त्यांना खपत नसे.

ही शिस्त ते आधी स्वतःला लावत. मुंबईविरुद्धच्या एका रणजी सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर आदळला. वय छप्पन. दात तुटून खेळपट्टीवर पडले. ते त्यांनी बाजूला सारले, मदतीला धावलेल्यांना हाताने परतवले आणि फडकरांना वेग कमी न करण्याची सूचना देऊन पुन्हा पवित्रा घेतला. १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशचे नेतृत्व करताना, एकसष्टाव्या वर्षी, राजस्थानविरुद्ध ८४ धावा. त्यांत विनू मांकडसारख्या कसलेल्या गोलंदाजाला लगावलेले दोन षटकार. त्याच १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले होते. १९६३-६४ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, मदतनिधीसाठीच्या एका सामन्यात त्यांनी पुन्हा एकदा पॅड बांधले. १९१६ ते १९६३, म्हणजे सहा दशकांना स्पर्श करणारी कारकीर्द.

गंमत अशी की १९४१ मध्ये एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत नायडूंचे नाव आणि चित्र झळकले होते. भारतीय क्रिकेटपटूने उत्पादनाची जाहिरात करण्याचा तो पहिलाच प्रसंग मानला जातो. त्या बाटलीने किती जणांना बळ आले कोण जाणे. खुद्द नायडूंचे बळ कुठून आले होते, हे त्यांना रोज पाहणाऱ्यांना ठाऊक होते.

इंदुरात त्यांच्या नजरेला एक तेरा वर्षांचा मुलगा पडला. सय्यद मुश्ताक अली त्याचे नाव. नायडूंनी त्याच्या खेळाकडे लक्ष दिले, शिक्षणाला हातभार लावला आणि त्याला मोठ्या सामन्यांपर्यंत नेले. १९३६ मध्ये मँचेस्टरला परदेशातले भारताचे पहिले कसोटी शतक याच मुश्ताकच्या बॅटमधून निघाले. त्या काळी ना निवड शिबिर होते, ना अकादमी. मुले उघड्यावर खेळत होती आणि जाणता माणूस त्याच वाटेने जात-येत होता. शोध लागायला एवढे पुरले. आज आपल्या वस्त्यांमध्ये जाणती माणसे नाहीत असे नाही. पण मुले बाहेर दिसलीच नाहीत तर त्यांनी पाहायचे कोणाला?

म्हणूनच नायडूंची गोष्ट खापरखेड्यापासून सुरू केली. चौकोनी फ्लॅटमधल्या, हातात मोबाइल असलेल्या मुलाला थंडी म्हणजे स्वेटर घालून घरात बसण्याचे निमित्त वाटते. आईवडिलांनाही सर्दीची धास्ती असते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी तासभर तरी दम लागेल असे हालचालीचे खेळ खेळावेत असा आहे. नागपूरच्या हवेत हा तास सर्वांत सुखाने मिळतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता खरा, पण अशा पहाटा मोजक्या. नऊ वाजता तेच ऊन अंगाला गोड लागते.

खापरखेड्याची अडचण निराळी आहे आणि ती झाकून चालणार नाही. थंडीत हवा जड होऊन जमिनीलगत थांबते, आणि तिच्याबरोबर राखेचे व कोळशाचे बारीक कणही. वारेगावच्या राखबंधाऱ्याच्या आसपासच्या गावांना याचा अनुभव आहे. नांदगावला राख टाकण्यावरून २०२२ मध्ये ग्रामस्थांनी आवाज उठवला, तेव्हा प्रश्न मंत्रालयापर्यंत गेला होता. अशा ठिकाणी मुलांना भल्या पहाटे धावायला पाठवणे शहाणपणाचे नाही; ऊन वर येऊन धुके विरले की, नाहीतर दुपार कलल्यावर खेळावे. पटांगणावर पाणी मारणे, कडेने झाडे लावणे, कोळशाचे ट्रक वस्तीच्या मैदानाला वळसा घालून नेणे, ही कामे वीजकेंद्राची, खाणीची आणि ग्रामपंचायतीची आहेत. मुलांच्या खेळण्याची जबाबदारी फक्त त्यांच्या आईबापांवर ढकलून या तिघांना मोकळे होता येणार नाही.

नागपूर शहरातले चित्रही फार वेगळे नाही. कस्तुरचंद पार्कसारख्या ऐतिहासिक पटांगणावर सभा, प्रदर्शने आणि खेळ यांची ओढाताण वर्षानुवर्षे चालली आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येते, रस्ते रंगतात, झेंडे लागतात. थंडीचा उत्तम उपयोग कसा करावा हे राज्यकर्त्यांना कळते, एवढे तरी त्यावरून मान्य करायला हवे.

आणि मुलींचे काय? नायडूंच्या घरातच याचे एक उत्तर आहे. त्यांची कन्या चंद्रा इंग्रजीची प्राध्यापिका झाली, इंदूरच्या महाविद्यालयात मुलींच्या खेळाला तिने उत्तेजन दिले आणि १९७७ मध्ये मुंबई आणि एमसीसी यांच्यातल्या सामन्याचे समालोचन करून देशातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचकाचा मान मिळवला. वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही तिने लिहिले. चंद्रा नायडू २०२१ मध्ये निवर्तल्या. ज्या घरात वडील सत्तरीच्या उंबरठ्यावर पॅड बांधतात, तिथल्या मुलीला मैदान परके वाटत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. नायडूंना मिळालेल्या साऱ्या सवलती कोणा सामान्य मुलाला मिळणार नाहीत. पैसेवाले आजोबा, केंब्रिज पाहिलेले वडील, पाठीशी होळकरांसारखे राजे. नवख्या काळातही ते उपरे नव्हते. उमेश यादवच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. खाणीच्या वसाहतीत थोडी सपाट जागा होती आणि तिथे खेळायला कोणी मज्जाव केला नाही, एवढीच त्याची मिळकत. त्यावर त्याने ५७ कसोटींत १७० बळी उभे केले. मैदानाला दार नसले की काय होते, याचा याहून सरळ हिशेब मला तरी मांडता येत नाही. वस्तीतला असा मोकळा तुकडा आराखड्यात रिकामी जागा म्हणून दाखवला जातो, आणि रिकामी दिसणारी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. तिथे आधी वाहने उभी राहतात, मग मंडप, मग दुकानांचे गाळे. मुले हळूहळू रस्त्यावर येतात, आणि रस्त्यावरून ट्रक धावत असल्यामुळे शेवटी घरात जातात. याविरुद्ध मोर्चा काढायला कोणी उरत नाही, कारण ज्यांचे नुकसान झाले ते मतदारयादीत नसतात.

कर्नल नायडूंचे निधन १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात झाले. बाहत्तर वर्षे पूर्ण होऊन जेमतेम दोन आठवडे लोटले होते. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने तरुण खेळाडूंसाठी राष्ट्रीय करंडक स्पर्धा घेतली जाते आणि १९९४ पासून क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावे दिला जातो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानाशी त्यांचा पुतळा उभा आहे. आणि १ जानेवारी २०१८ रोजी, ऐन थंडीत, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला हरवून विदर्भाने आपला पहिला रणजी करंडक उचलला. त्या मैदानापासून नागपूरला परतणाऱ्या खेळाडूंचा तो प्रवास नायडूंनी पंचाण्णव वर्षांपूर्वी उलट दिशेने केला होता.